दांड्याची दुसरी बाजू

प्लात्सी काद्रुवीला बर्फात बसता येत नव्हतं.

एकसष्ट वर्षांचा माणूस. चालायला आणि स्की करायला एकाच हिवाळ्यात शिकलेला. पण बर्फावर बूड टेकायचं म्हटलं की त्याची पाठ ताठ व्हायची. आमच्या सुरप्लाउन गावात उतारावर बसतात ते पाहुणे. शनिवारी झुरिकहून येतात, दमतात आणि वाटेत फतकल मारून पाव खात बसतात. गावचा माणूस उतारावर बसलेला दिसला, तर त्याचा पाय मोडला असणार असं धरून आम्ही मदतीला धावतो.

"बसा काका," त्याला स्नोबोर्ड शिकवणारी ओन्ना म्हणाली.

"उभ्यानं बांधतो."

"उभ्यानं दोन्ही पाय बांधायला गेलात तर बांधता बांधताच खाली जाल. थेट लाकूडगिरणीत. बसा."

"कुणी बघितलं तर?"

"तर म्हणतील, प्लात्सी बसला. बसा हो!"

तो बसला नाही. वाकून दुसऱ्या पायाचा पट्टा ओढायला गेला, पायाखालचा स्नोबोर्ड सुटला आणि प्लात्सी पाठीवर घसरत गिरणीच्या कुंपणाला जाऊन लागला.

"बसण्यापेक्षा हे बरं दिसलं, नाही?" ओन्ना वरून ओरडली.

हे मी ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं. मी आमच्या लिफ्ट संस्थेचा चिटणीस. त्या खिडकीतून गिरणीमागचं कुरण नीट दिसतं, आणि लिफ्ट सुरू होण्याआधीचा तास मी कागद लावण्यात घालवतो. त्या जानेवारीत कागद फारसे लागले नाहीत.

प्लात्सी उन्हाळ्यात सुतारकाम करायचा. हिवाळ्यात आमच्या लिफ्टच्या खालच्या टोकाला, लाकडी खोपटापाशी उभा असायचा. लिफ्ट जुन्या पद्धतीची. वर तार फिरते, तारेला दोऱ्या लोंबतात आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला एक आडवा लाकडी दांडा. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, दांडा मागून मांड्यांना टेकवायचा आणि पायातल्या स्कीवर घसरत वर जायचं. येणारा दांडा धरून नेमक्या वेळी दोघांच्या मागे लावणं हे प्लात्सीचं काम. गावातल्या सगळ्यांची उंची त्याच्या हाताला पाठ होती. त्याच्या हातून दांडा घेत नाही असा माणूस गावात नव्हता.

एक सोडून. त्याची मुलगी फ्लुरिना.

दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधून घसरायचे ते पहिले स्नोबोर्ड डोंगरावर आले तेव्हा फ्लुरिना शाळेच्या शेवटच्या वर्गांत होती. संस्थेच्या सभेत ठराव झाला की बोर्डवाल्यांना दांडा मिळणार नाही. ते आडवे उभे राहतात, पडतात, सगळी रांग अडते. ठरावाच्या बाजूनं सर्वांत मोठा आवाज प्लात्सीचा होता. "फळीवर चीज पिकत घालतात," तो म्हणाला, "पोरी नाही." सभा हसली. पुढच्या आठवड्यात त्याचीच पोरगी गॅरेजमध्ये काम करून घेतलेला बोर्ड काखेत मारून रांगेत उभी राहिली. प्लात्सीनं दांडा तिच्या डोक्यावरून जाऊ दिला. रिकामा. मग त्यानंतरचा. फ्लुरिना रांगेतून बाहेर आली. बोर्ड पाठीला बांधला आणि डाव्या हाताच्या पायवाटेनं, गुडघाभर बर्फातून, चालत वर गेली. तो अख्खा हिवाळा आणि पुढचाही ती चालत वर गेली. तिच्यासोबत तिची मैत्रीण ओन्ना.

ठराव पुढे आम्हीच मागे घेतला, घ्यावाच लागला. ओन्नानं पहिल्याच दिवशी दांडा पकडला. फ्लुरिनानं नाही. ती पलीकडच्या खोऱ्यात गेली, बोर्ड शिकवू लागली, आता शिकवणाऱ्यांना शिकवते. नाताळला घरी येते. बाप-लेक एका टेबलाशी बसून सातूचं सूप पितात, गुडघ्यांबद्दल आणि हवेबद्दल बोलतात. भांडण म्हणावं असं काही नाही. पण सकाळी ती बोर्ड पाठीला बांधते आणि खोपटावरून, बापाच्या समोरून, चालत वर जाते. तो टोपीला हात लावतो. तीही लावते.

त्या वर्षी ठरलं की लिफ्ट बंद. शेजारच्या गावानं डब्यांची नवी लिफ्ट बांधली होती, आमचे खांब वसंतात कापले जाणार होते. मार्चचा शेवटचा रविवार हा शेवटचा दिवस.

आमच्याकडे हंगामाच्या शेवटच्या दिवसाची एक रीत आहे. दुपारनंतर खोपटापाशी जो उभा असेल तो जोड्या लावतो, आणि वर्षभरात ज्यांचं बिनसलं असेल त्यांना एका दांड्यावर घालतो. नकार द्यायचा नाही. वर पोचेपर्यंत दोघांना एकमेकांचा तोल सांभाळावाच लागतो, एक पडला की दुसराही पडतो. कुरणाच्या कुंपणावरून कोर्टात गेलेले दोन भाऊ असेच वर गेले होते आणि वरून एकत्र खाली आले होते. प्लात्सी जोड्या फार विचार करून लावायचा. आणि सगळे वर गेले की शेवटचा दांडा तो स्वतः घ्यायचा. एकटा. एकट्या माणसाला तो दांडा सरळ बसत नाही, एका बाजूला कलतो. पण त्याला सवय झाली होती.

"या वेळी दुसऱ्या बाजूला फ्लुरिना हवी," शिकवणी सुरू होण्याआधी त्यानं ओन्नाला सांगितलं. ओन्ना आता गावात बोर्ड भाड्यानं देण्याचं दुकान चालवते. तिनंच पुढे मला हे सांगितलं.

"मग तिला फोन करा."

"केला. म्हणाली, येते, पण वर नेहमीसारखी चालत जाईन."

"तिला सांगा की चुकलं."

"स्कीवर उभं राहून?" प्लात्सी म्हणाला. "ती म्हणेल, बाबा वरून बोलतात. मी बोर्डवर उभा राहून विचारणार आहे. तेवढं शिकव."

असं म्हणून त्यानं गोणपाटात गुंडाळलेली एक वस्तू काउंटरवर ठेवली. ओन्नानं गोणपाट सोडलं आणि नाक धरलं.

"काका, ह्याला चीजचा वास येतोय."

तो फ्लुरिनाचा पहिला बोर्ड होता. पलीकडच्या खोऱ्यात जाताना ती तो घरीच सोडून गेली होती. प्लात्सीनं तो तळघरात भिंतीला ठोकला आणि त्यावर चीजची चाकं पिकत घातली. म्हटल्याप्रमाणे. इतकी वर्षं आठवड्यातून दोनदा तो तळघरात उतरून प्रत्येक चाक मिठाच्या पाण्यानं पुसायचा, उलटं करायचा आणि त्यासोबत बोर्डही कोरड्या फडक्यानं पुसायचा. त्यामुळे लाकूड कुठे फुगलं नव्हतं, कडा गंजल्या नव्हत्या.

"टाकून का नाही दिलात?"

"चांगली फळी आहे. वाया कशाला घालवायची?"

ओन्नानं गोणपाट बाजूला सारलं. ती काउंटरच्या मागून बाहेर आली, प्लात्सीच्या पाठीशी गेली आणि तिनं त्याला जोरात ढकललं.

"काय गं ए!"

"उजवा," ती म्हणाली. "ढकललं की उजवा पाय पुढे टाकता. म्हणजे बोर्डवर उजवा पुढे. फ्लुरिनाचा डावा. पट्टे फिरवावे लागतील."

शिकवणी गिरणीमागच्या कुरणात, लिफ्ट सुरू होण्याआधी. मुख्य उतारावर नाही, तिथून गाव दिसतं. प्लात्सीच्या ध्यानात एवढंच आलं नाही की गावातूनही कुरण दिसतं. बेकरीतून दिसतं, चर्चच्या पायऱ्यांवरून दिसतं, माझ्या खिडकीतून तर दिसतंच. आठवडाभरात सगळ्या गावाला कळलं आणि सगळ्या गावानं न कळल्याचं सोंग घ्यायचं ठरवलं. आमच्याकडे कुणी नवी टोपी घातली तरी तीन दिवस चेष्टा चालते, त्यामुळे हे सोपं नव्हतं. बेकरीवाला तर प्लात्सी पाव घ्यायला आला की आत जाऊन हसून येई आणि मग गंभीर चेहऱ्यानं विचारी, "बांधून देऊ?"

स्की येणाऱ्या माणसाला बोर्ड जास्त अवघड जातो, हे मला तेव्हा कळलं. नवख्याला काहीच येत नाही, त्यामुळे तो सांगितलेलं ऐकतो. प्लात्सीच्या पायांना सगळं आधीच माहीत होतं आणि सगळं चुकीचं. उतार आला की तो छाती दरीकडे करायचा, जसं आम्हा सगळ्यांना लहानपणी शिकवलेलं असतं. बोर्डवर दरीकडे खांदा हवा. एक पाय उचलून दुसऱ्यावर भार द्यायला जायचा आणि दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेत हे आठवायच्या आत तोंडावर पडायचा.

"काका, दरीकडे बघू नका. दरी कुठे जात नाही."

"मग बघू कुठे?"

"जिथं जायचंय तिथं."

"जायचंय खालीच ना!"

"तसे तुम्ही जातच आहात. मी वळायचं म्हणतेय."

मनगट सुजलं तेव्हा त्यानं घरी सांगितलं, गोठ्यापाशी बर्फावर घसरलो. त्याची बायको मेंजिया बरं म्हणाली, मनगटाला मलम लावून पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लात्सीनं पँट चढवली तर ती मागून जाड लागली. आतून, बुडाच्या जागी, जुन्या गोधडीचा दुहेरी तुकडा बारीक टाक्यांनी शिवलेला होता. तो तसाच स्वयंपाकघरात आला. मेंजिया कॉफी ओतत होती.

"काही बोलायचंय?" तिनं विचारलं.

"नाही."

"गोठ्यापाशी जपून जा," ती म्हणाली.

फेब्रुवारी सरता सरता तो कुरणावरून खाली यायला लागला. डौल नव्हता, पण येत होता. एका कडेवर कचकच करत तिरका, मग थांबून श्वास, मग दुसऱ्या कडेवर तिरका. वळणं तीन जमायची, चौथ्याला पडायचा. पण एक गोष्ट अजून राहिली होती. उतरणं एक, आणि त्याच्याच लिफ्टवर बोर्ड घेऊन चढणं वेगळं. एका संध्याकाळी लोक गेल्यावर त्यानं मला खोपटापाशी बोलावलं.

"तू दुसऱ्या बाजूला उभा राहा."

"मी? ओन्नाला सांग ना."

"ओन्ना सांभाळून घेईल. तू सांभाळणार नाहीस. मला कळायला हवं."

 मी स्की चढवल्या. प्लात्सीनं पुढचा उजवा पाय बोर्डला बांधला, मागचा मोकळा ठेवला, येणारा दांडा स्वतःच पकडला आणि आम्ही निघालो. मी समोर डोंगराकडे पाहत होतो, आपण सगळे पाहतो तसा. पण बोर्डवर माणूस आडवा उभा असतो. प्लात्सी माझ्या उजव्या बाजूला होता आणि त्याचा चेहरा सरळ माझ्या कानात येत होता.

"तू माझ्याकडे काय बघतोस?" मी विचारलं.

"बघू कुठे? पाय तसे बांधलेत."

त्यानं खाली बोर्डकडे पाहिलं. काही वेळानं म्हणाला, "तिचा डावा पाय पुढे असतो."

"हं."

"म्हणजे ती डाव्या बाजूला उभी राहिली तर तिचं तोंड माझ्याकडे. माझं तिच्याकडे. वरपर्यंत."

"मग?"

"मी जे बोलायचं ठरवलंय ते समोर डोंगराकडे बघत बोलायचं ठरवलंय."

हे त्यानं इतक्या खऱ्या काळजीनं सांगितलं की मला हसू आलं. मी हललो, दांडा हलला आणि आम्ही दोघं खांबाच्या बुडाशी एकावर एक पडलो. वरचा तो होता. त्या संध्याकाळी आम्ही आणखी तीनदा गेलो. एकदाच वर पोचलो.

शेवटचा रविवार निरभ्र उजाडला. सकाळी बर्फ कडक, दुपारी मऊ. वरच्या टोकाला तुमाश मोठ्या पातेल्यात सातूचं सूप ढवळत होता. तोच वरून लिफ्ट चालू-बंद करतो, आणि शेवटचा दांडा वर आला की बटण दाबतो. या वेळी ते बटण कायमचं दाबलं जाणार होतं. दुपारी प्लात्सीनं जोड्या लावायला सुरुवात केली. गायकवृंदाची बाई आणि चर्चची घंटा वाजवणारा एका दांड्यावर गेले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण प्लात्सीचा हात चुकत होता. डोळे रस्त्याकडे होते.

फ्लुरिना तीनच्या बसनं आली. सदतीस वर्षांची, बापासारखीच ठेंगणी आणि रुंद खांद्यांची. आईला मिठी मारली, ओन्नाची टोपी तिच्या डोळ्यांवर ओढली, बापाकडे पाहून स्वतःच्या टोपीला हात लावला. मग बोर्ड पाठीला बांधला आणि रांग ओलांडून डावीकडच्या पायवाटेला लागली.

प्लात्सीनं दांडा सोडला. अक्षरशः सोडला, तो हेलकावे खात रिकामाच वर गेला. मेंजिया रांगेतून पुढे आली, तिनं त्याला कोपरानं बाजूला केलं आणि पुढचा दांडा पकडला.

"जा," ती म्हणाली. "इथलं मी बघते."

तो खोपटात गेला आणि बोर्ड घेऊन बाहेर आला. सगळ्यांच्या माना वळल्या. इतके दिवस आम्ही न पाहिल्यासारखं केलं होतं, आता पाहायची परवानगी मिळाली होती. त्यानं उजवा पाय बांधला आणि मोकळ्या डाव्या पायानं ढकलत, एखादं मूल एका पायावर गाडी चालवतं तसा, पायवाटेकडे निघाला. मध्ये एकदा पडला. कुणी हसलं नाही. उठला.

"फ्लुरिना!"

ती वळली. आधी तिनं बापाचा चेहरा पाहिला, मग पाय. मग पायाखालचं. बराच वेळ तिथेच पाहत राहिली.

"ही फळी माझी आहे," ती म्हणाली.

"हो."

"तळघरात होती."

"पुसून ठेवली होती."

"बाबा, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"ते जाऊ दे." तो धापा टाकत होता. "शेवटच्या दांड्याला एक बाजू रिकामी आहे. मी दर वर्षी एकटा जातो. तो वाकडा चालतो. तू येशील का?"

काही तरी मोठं बोलेल म्हणून आम्ही कान टवकारले होते, पण तो एवढंच बोलला. फ्लुरिनानं खोपटाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, ओन्नाकडे पाहिलं. ओन्ना आकाशातल्या कावळ्यांचं निरीक्षण करत होती.

"तुम्ही पडाल," फ्लुरिना म्हणाली.

"पडेन."

"मीही पडेन मग."

"हो. तशीच रीत आहे."

तिनं पाठीवरचा बोर्ड सोडला.

रांग संपत आली होती. मी आणि ओन्ना शेवटच्या आधीच्या दांड्यावर होतो, म्हणजे त्यांच्या लगेच पुढे. आमच्या मागे मेंजियानं दांडा पकडला, नवऱ्याला उजवीकडे आणि मुलीला डावीकडे उभं केलं आणि जरा जास्तच जोरानं दांडा लावला. बाप-लेक निघाले. मी मागे वळून पाहिलं, तशी ओन्नानं मला ढोसलं. पण तीही पाहत होती.

ते समोरासमोर होते. दोघांच्या चेहऱ्यांमध्ये हातभराचं अंतर, आणि मध्ये दांड्याची दोरी. 

"आई म्हणते तू बारीक झालीस," प्लात्सीचा आवाज आला.

"गुडघे सैल सोडा, बाबा."

"सैलच आहेत."

"अजून सैल."

 देवदारांच्या रांगेपाशी चढ तीव्र होतो आणि पायवाट लिफ्टच्या अगदी जवळ येते. प्लात्सीला मुलीच्या खांद्यामागे ती पायवाट दिसत असणार. तो बोलू लागला आणि पुढचं मला ऐकू आलं ते तुटक. बाकीचं दोघांनी नंतर सांगितलं, तुकड्यातुकड्यानं, आणि तुकडे जुळतात.

"मी बघायचो तुला," तो म्हणाला. "चालत जाताना. दर वेळी."

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

"तुमचा हात चुकायचा. मागून 'आई गं' ऐकू यायचं. मी वर चढताना मोजायचे, आज बाबांनी किती जणांच्या गुडघ्यांवर दांडे हाणले."

प्लात्सीला हसू फुटलं. हसताना माणूस मागे झुकतो. की हसणं तिला आधी आलं? यावर त्यांचा आजही वाद आहे, आणि दोघंही म्हणतात की आधी मी पडलो, आधी मी पडले. आम्ही ऐकला तो एकच धप्प आवाज. वळून पाहिलं तर दोघं बर्फात, दोन बोर्ड एकमेकांत अडकलेले, आणि शेवटचा दांडा रिकामा, वर निघालेला.

"थांबव," मी ओन्नाला म्हणालो, जणू ते तिच्या हातात होतं.

"गप्प बस," ती म्हणाली. "सोडू नकोस."

आम्ही वर पोचलो. आमच्यामागून तो रिकामा दांडा आला, चाकाला वळसा घालून पुन्हा खाली गेला. सूप पिणारे लोक वाट्या हातात धरून उभे राहिले. तुमाशचा हात बटणापाशी होता. शेवटचा दांडा आला की बटण दाबायचं, असा नियम आहे, आणि तो नियम मीच लिहून त्याच्या भिंतीवर लावलेला आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सूप मागितलं. लिफ्ट चालू राहिली, रिकामे दांडे येत राहिले आणि जात राहिले.

खाली देवदारांपाशी प्लात्सी उठला होता. पाय सोडवून तो पायवाटेवर आला.

"दे तुझी फळी. मी घेतो," तो म्हणाला.

"नको. मला सवय आहे."

हे तिनं सहज म्हटलं की टोचून, ते तिलाही आठवत नाही. पण प्लात्सी तिथेच उभा राहिला. मग म्हणाला, "माहीत आहे. म्हणून मागतोय."

 मग तिनं आपला बोर्ड त्याच्या पाठीला बांधला, पट्टा ओढून नीट केला, आणि त्याच्याकडचा जुना बोर्ड स्वतःच्या पाठीला.

"अजून चीजचा वास येतोय," ती म्हणाली.

"चांगलं चीज होतं."

वाट चढाची आहे. जुन्या दिवसांत ती पोरगी एका दमात जायची. त्या दिवशी तिला वाटेत वारंवार थांबावं लागलं, कारण पुढे बाप होता आणि तो थांबत होता. आम्ही वरून पाहत होतो. आधी दोन टोप्या दिसल्या, मग दोन बोर्डांची टोकं, मग ते दोघं. प्लात्सीचा चेहरा लालबुंद. एका वळणावर तो थांबून खाली खोपटाकडे पाहत म्हणाला, "इथून मी किती लहान दिसत असेन."

"टोपी दिसायची," ती म्हणाली. "तेवढी पुरायची."

ते वर पोचले तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तुमाश बटणापासून बाजूला झाला आणि त्यानं प्लात्सीला खूण केली. प्लात्सीनं मुलीकडे पाहिलं, तिनं मान हलवली, "तुमचं काम आहे ते." त्यानं बटण दाबलं. तार कण्हली, दांडे थोडा वेळ झुलले आणि उभे राहिले. इतक्या वर्षांत मला तो आवाज असा कधी थांबलेला ऐकू आला नव्हता. दिवस संपला की आपण आपापल्या कामात असतो.

"चला," फ्लुरिना म्हणाली. "खाली उतरायचंय. येतं ना?"

"तीन वळणं येतात."

"चौथं?"

"चौथ्याला पडतो."

"मग चौथ्यापाशी मी थांबते."

दोघांनी बोर्ड पुन्हा बदलून घेतले. उताराच्या तोंडाशी, सगळ्या गावासमोर, तिनं बूड टेकलं आणि पाय बांधायला घेतले. प्लात्सी तिच्या शेजारी उभा होता. एक पट्टा हातात. त्यानं आमच्याकडे पाहिलं. आम्ही सूप पीत होतो, सगळेच, अगदी मन लावून.

मग प्लात्सी काद्रुवी बर्फात बसला.

"हे काय," फ्लुरिना त्याच्या पँटला मागून चाचपत म्हणाली, "आत उशी आहे की काय?"

"आईचं काम आहे."

"मलाही हवी होती अशी."

"तिनं शिवली होती तुझ्यासाठी. मी पाठवू दिली नाही." तो थांबला. "आहे अजून घरात. कपाटात."

 त्याच्या बोर्डचा सैल पट्टा तिनं ओढून घट्ट केला आणि हात तिथेच ठेवला. पातेल्यातलं सूप निवत होतं. ऊन खोऱ्याच्या पलीकडच्या कड्यावर गेलं होतं. दोघं तशीच बसून होती, आणि त्यांचा पाय मोडला असेल म्हणून कुणीही धावत गेलं नाही.